हातात पैसा कधी, माल कुणाचा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला मेढा आणि पूर्वेला म्हसवड. जिल्हा एकच, पण आभाळ दोन. जावळी तालुक्याचं ठाणं असलेलं मेढा वेण्णेच्या काठी वसलंय. ही नदी जिथून निघते त्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडच्या, म्हसवड जिथं आहे त्या माण तालुक्यात तोच पाऊस पाचशेच्या आसपास येऊन थांबतो, आणि तेवढाही दरवर्षी पडेल असं नाही.

दोन्हीकडच्या माणसांनी मात्र पोटासाठी एकच वाट धरली: गाव सोडायचं. जावळी-पाटणच्या डोंगरातले तरुण मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोदीत पाठीवर ओझी वाहायला गेले. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली आणि त्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. माण आणि आसपासच्या मुलखातला, म्हणजे माणदेशातला धनगर मेंढरं घेऊन कोकणात, घाटावर, कर्नाटकात चाऱ्यामागे फिरत राहिला. ज्यांच्याकडे मेंढरंही नव्हती ते मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले.

माणदेशालाच लागून असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूर, तासगाव या पट्ट्यानं आणखी एक वाट शोधली, ती गलाईची. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. आज भारतातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहराच्या सराफ बाजारात या भागातला गलाईवाला सापडतो. दुष्काळी गावातला, फारसं न शिकलेला पोरगा हजार किलोमीटरवरच्या अनोळखी शहरात जातो आणि लोक त्याच्या हाती सोनं सोपवतात, ते कशाच्या जोरावर? आधी तिथं स्थिरावलेल्या मामा-चुलत्याच्या जोरावर. तो पोराला काम शिकवतो, राहायला जागा देतो, सराफाकडे त्याची हमी घेतो, पहिली भट्टी लावायला पैसे उसने देतो. कौशल्य, भांडवल, गिऱ्हाईक आणि विश्वास या चारही गोष्टी नात्यातूनच मिळतात. कुठल्याही सरकारी योजनेत त्या एका खिडकीवर मिळत नाहीत.

गलाईवाल्यांच्या या यशातून एक गोष्ट उघड होते. गरीब मुलखात धंदा करण्याची अक्कल कमी नसते. अडतं ते भोवतालच्या व्यवस्थेत. आणि ज्याला अशी नात्याची साखळी नाही, त्याचं तर अडतंच. माणदेशात ती साखळी पुरुषांची होती. घरी राहिलेल्या बाईनं बांगड्या, भाजी किंवा शेळ्या विकायच्या ठरवल्या, तर तिची हमी घ्यायला कोण होतं?

मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून पुढे आलेल्या चेतना सिन्हा 1980 च्या दशकात लग्नानंतर म्हसवडला राहायला आल्या. तिथं रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून जगणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, कारण पावसाळ्याआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यायची होती. बँकेनं तिचं खातं उघडायला नकार दिला होता. एवढ्या लहान रकमेचं खातं बँकेला परवडत नव्हतं. तिला कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. स्वतःचेच पैसे सुरक्षित राहावेत एवढीच तिची मागणी होती, आणि तीही पुरी होत नव्हती.

मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. 1996 साली रिझर्व्ह बँकेनं त्यांचा अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांच्या यादीत सह्यांऐवजी अंगठे होते. निरक्षर बायकांच्या हाती बँक कशी द्यायची, हा अधिकाऱ्यांचा प्रश्न होता. म्हसवडच्या बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण व्याज काढता येतं, असं त्यांनी सांगितलं. कितीही मुद्दल सांगा, कॅल्क्युलेटरशिवाय हिशेब करून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही तसाच करायला सांगा. 1997 मध्ये परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली देशातली ही पहिली सहकारी बँक मानली जाते.

बँक उघडली तरी बायकांना तिथं यायला वेळ कुठे होता? बँकेच्या वेळेत त्या शेतावर नाहीतर बाजारात. एका दिवसाची मजुरी बुडवून दहा-वीस रुपये भरायला येणं त्यांना परवडणार नव्हतं. म्हणून बँकेची माणसं दारात आणि बाजारात जाऊन पैसे जमा करू लागली. मग दुसरी अडचण पुढे आली. पासबुक घरी ठेवलं की ते नवऱ्याच्या हाती लागे, शिल्लक कळे आणि पैसे दारूत जात. त्यावर बायकांनीच कागदी पासबुकाऐवजी कार्डाचा मार्ग सुचवला, कारण कार्ड हाती लागलं तरी त्यावरची रक्कम वाचता येत नाही. बँकिंग तंत्रज्ञानाच्या परिषदांत या मुद्द्याला गोपनीयता म्हणतात. म्हसवडमध्ये तो घरातल्या भांडणातून आला.

छोट्या धंद्याचं खरं गणित आठवडी बाजारात दिसतं. भाजीवाली पहाटे ठोक व्यापाऱ्याकडून माल उचलते तेव्हा तिच्याकडे रोकड नसते. बाजारात फिरणारा सावकार सकाळी नऊशे रुपये देतो आणि संध्याकाळी हजार घेतो. दिवसाला अकरा टक्के. वर्षाच्या हिशेबात मांडायला गेलं तर आकडा हास्यास्पद होतो. तरी बाई ते घेते, कारण नऊशेचा माल संध्याकाळपर्यंत बाराशे-तेराशेला गेला तर दोन-तीनशे हातात राहतात, आणि न घेतलं तर काहीच राहत नाही. सावकार महाग आहे, पण तो सकाळी सात वाजता बाजारात हजर असतो, कागद मागत नाही आणि नऊशे रुपयेच देतो. बँक स्वस्त आहे, पण ती अकराला उघडते, सातबारा मागते आणि पन्नास हजारांखाली बोलत नाही.

हा अनुभव एकट्या माणदेशाचा नाही. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातल्या फळविक्रेत्यांचाही असाच दिवस-कर्जाचा व्यवहार डीन कार्लन आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासला. तिथला दैनिक दरही असाच चढा होता. संशोधकांनी काही विक्रेत्यांचं सगळं कर्ज फेडून टाकलं. हिशेबानं पाहिलं तर रोजच्या नफ्यातली व्याजाची गळती थांबायला हवी होती, आणि ती काही काळ थांबलीही. पण हळूहळू बहुतेक जण पुन्हा सावकाराकडे वळले. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाकडे लग्न निघालं, कुणाचा एका दिवसाचा माल सडला. कर्जातून बाहेर काढणं सोपं निघालं, बाहेर टिकवणं अवघड. गरिबाचं उत्पन्न कमी असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कुठल्या दिवशी येईल याचाही भरवसा नसतो, ही गोष्ट योजना आखताना निसटते.

माणदेशी बँकेनं बाजारातल्या विक्रेत्यांसाठी कॅश क्रेडिटची सोय केली ती याच कारणानं. एकरकमी कर्ज आणि मासिक हप्ता असा साचा सोडून, लागेल तेव्हा उचलायचं आणि विक्री झाली की भरायचं, अशी ही सोय आहे. कारखानदाराला बँका ही सोय कित्येक दशकांपासून देत आल्या आहेत. भाजीवालीच्या धंद्यालाही खेळतं भांडवल लागतं, हे मान्य व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

पैशापाठोपाठ इतर गोष्टी आल्या. 2006 मध्ये ग्रामीण बायकांसाठी उद्योगशाळा सुरू झाली आणि पुढे ती बसमध्ये बसवून गावोगाव नेली गेली. मालाची किंमत कशी ठरवायची, घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा कसा ठेवायचा, परवाना कुठून काढायचा, असले विषय तिथं शिकवले जातात. 2008 मध्ये माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आलं. 2012 च्या दुष्काळात, जनावरं विकली तर माणसं पुन्हा उभीच राहणार नाहीत हे दिसल्यावर, म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि सुमारे दीड वर्ष चालली. बँकेच्या दृष्टीनं पाहिलं तर छावणी ही निव्वळ दया नव्हती. खातेदाराची गाय खाटकाकडे गेली तर तिची बचतही जाते आणि कर्जफेडही.

जनावर हीच इथली खरी ठेव. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं याच ठेवीवर काम केलं. 1968 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं बंगालमधल्या गरोळ जातीच्या मेंढीतला जुळी कोकरं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. कळप तेवढाच, फिरायचं रान तेवढंच, पण कोकरं जास्त. अर्थात जुळ्यांना दूधही जास्त लागतं, म्हणून चाऱ्याची आणि देखभालीची शिकवण मेंढीबरोबरच द्यावी लागते. ती नसेल तर वाढीव कोकरं पहिल्याच उन्हाळ्यात दगावतात.

ही जोडगोळी, म्हणजे हाती मालमत्ता आणि पाठीशी माणूस, जगभर तपासली गेली आहे. बांगलादेशच्या मुक्तियुद्धानंतर परतणाऱ्या निर्वासितांना सावरायला 1972 मध्ये फझले हसन अबेद यांनी ब्रॅक ही संस्था सुरू केली. अतिगरीब कुटुंबांपर्यंत सूक्ष्मकर्ज पोहोचतच नाही, असा अनुभव आल्यावर ब्रॅकनं 2002 मध्ये वेगळा कार्यक्रम आखला. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा दुकानाचा माल द्यायचा, तो विकून खायची वेळ येऊ नये म्हणून काही महिने खाण्यापुरता भत्ता द्यायचा, बचतीचं खातं उघडायचं आणि आठवड्याला एक कार्यकर्ती घरी जाईल अशी व्यवस्था करायची. भारतातलं पश्चिम बंगाल धरून सहा देशांत, दहा हजारांहून अधिक कुटुंबांत या पद्धतीची चाचणी झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत संपल्यावर वर्ष उलटलं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबांची कमाई आणि मालमत्ता वाढलेली होती. होंडुरास अपवाद ठरला. तिथं वाटलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या.

साताऱ्यात आणि सांगलीत दुष्काळ आहे, बंदूक नाही. महाराष्ट्रात हिंसेच्या छायेत धंदा कसा चालतो हे पाहायचं तर दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जावं लागतं. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हापासूनच नक्षलवादी चळवळ आणि पोलीस यांच्यामध्ये सापडला. अशा ठिकाणी धंद्याचा खर्च वाढतो तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडून नक्षलवादी खंडणी घेत, आणि ठेकेदार ती मजुराच्या दरातून वसूल करी. डिसेंबर 2016 मध्ये सूरजागडला खनिज वाहून नेणारे डझनावारी ट्रक जाळले गेले. ट्रकमालकाला असं नुकसान झालं की दुसऱ्या महिन्यापासून त्या भागातला भाजीपाला, खत आणि किराणाही महागतो, कारण गाडी आत न्यायला कुणी तयार नसतं.

युगांडाच्या उत्तर भागानंही अशीच वीस वर्षं बंडखोरी सोसली. तिथं शांतता आल्यावर 2008 मध्ये सरकारनं वीसएक तरुणांच्या गटांना अवजारं आणि प्रशिक्षण घेण्यासाठी माणशी सुमारे 380 डॉलर दिले. परतफेडीची अट नव्हती. सुतारकाम, शिवणकाम, वेल्डिंग अशी कामं तरुणांनी निवडली. चार वर्षांनी त्यांची कमाई, पैसे न मिळालेल्यांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त निघाली. त्यामुळे युद्धग्रस्त तरुणाच्या हाती रोकड दिली तर तो ती उडवेल, ही भीती खोटी ठरली. पण नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा बाकीच्यांनी कमाईत त्यांना गाठलं होतं. रोकडीनं चालना दिली, कायमची आघाडी दिली नाही. धंदा किती वाढणार हे पुढे रस्ता, बाजार आणि गिऱ्हाईक यांवर ठरलं.

गडचिरोलीत मात्र प्रश्न रोकडीच्याही आधी सुरू होत होता. इथल्या गोंड गावांभोवती बांबू, मोह, हिरडा, तेंदू यांचं भांडवल उभंच होतं. ते विकायचा अधिकार गावाकडे नव्हता. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, त्यामुळे तो वनखात्याचा. खातं तो कागद कारखान्यांना देई आणि गावकऱ्याच्या वाट्याला तोडणीची मजुरी येई. बुरुडानं किंवा आदिवासीनं तोच बांबू बाजारात नेला तर ती चोरी ठरे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावानं हा प्रश्न धसास लावला. देवाजी तोफा यांचं नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांमुळे गावाची ओळख झाली ती ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेनं. गावाचा प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं होतो आणि निर्णयाआधी विषयाचा अभ्यास करायला गावात अभ्यासगट बसतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज ठरवल्यावर मेंढ्यानं दावा केला आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. तरीही वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. हक्क कागदावर होता, पण बांबूची गाडी नाक्यावर अडली असती.

गावानं तेव्हा मोर्चा काढला नाही, बांबू विकायला काढला. घेणाऱ्याला वाहतूक परवाना मिळाला नाही की कायदा कुठे अडतो हे उघड होत गेलं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. टीपी, म्हणजे हा वाहतूक परवाना, आता ग्रामसभा फाडणार, खातं नाही. त्यानंतर गावानं निविदा काढून बांबू विकला, मजुरीचे दर स्वतः ठरवले आणि विक्रीची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात आली. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत.

या बदलाचा हिंसेशी थेट संबंध आहे. ठेकेदार, वनखातं आणि बंदूकधारी या तिघांचा जोर एकाच जागेवर होता: माल गावाचा, सौदा दुसऱ्याचा. सौदा उघड सभेत, निविदा वाचून होऊ लागला की खंडणीची जागा आपोआप आकसते, कारण रक्कम कुणी घेतली हे गावाला ठाऊक असतं.

पण हक्क मिळाला म्हणजे धंदा जमला असं झालं नाही. तेंदूचंच पाहा. उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवडे पानं तोडायचा हंगाम चालतो. पहाटे जंगलात जाऊन पानं खुडायची, घरी आणून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा आणि तो उन्हात वाळवायचा. मजूर रोजची मजुरी मागतात. विड्यांच्या कारखान्याकडून रक्कम मात्र काही महिन्यांनी येते. मधली मजुरी, पोती, गोदाम आणि गाडीभाडं यासाठी पैसा कुणी पुरवायचा? ठेकेदार पुरवतो, हंगामाआधीच उचल देऊन, आणि मग भावही तोच ठरवतो. तेंदूपानांवर 2017 मध्ये 18 टक्के जीएसटी लागला, त्यानंतरच्या हंगामात बोली उतरल्या, आणि ठरलेली रक्कम थकवणाऱ्या ठेकेदारांमागे फिरायची पाळी काही ग्रामसभांवर आली. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली ती अशा सौद्यात एकटं पडू नये म्हणूनही.

माणदेशातल्या भाजीवालीची अडचण आणि गडचिरोलीतल्या ग्रामसभेची अडचण इथं एकाच जागी येतात. एकीला नऊशे रुपये बारा तासांसाठी हवे असतात, दुसरीला काही लाख तीन-चार महिन्यांसाठी. दोघींचाही माल विकला जाणार हे जवळपास नक्की असतं, तरी दोघीही महागड्या उचलीवर जगतात.

ग्रामसभेला कर्ज देताना बँका तारणापाशी अडतात. वनहक्क कायद्यानुसार हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पण तो विकता येत नाही किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, म्हणजे गहाणही ठेवता येत नाही. ग्रामसभा ही कंपनी नाही, नोंदणीकृत सहकारी संस्थाही नाही. त्यामुळे बँकेच्या अर्जातल्या कुठल्याच रकान्यात ती बसत नाही. तरी तिच्याकडे बँकेला वाचता येतील असे कागद आहेत: मागच्या हंगामांच्या टीपीच्या स्थळप्रती, निविदा उघडल्याचं इतिवृत्त, मजुरीची वही आणि खरेदीदाराशी झालेला करार. या कागदांच्या आधारे हंगामापुरतं कर्ज मिळालं आणि खरेदीदाराची रक्कम थेट त्या कर्जखात्यात आली, तर ठेकेदाराची उचल घ्यायची गरज ग्रामसभेला उरत नाही. गोदाम असेल तर पडत्या भावात माल काढायची घाईही राहत नाही. म्हसवडला 1997 मध्ये पत कशावरून मोजायची हा प्रश्न अंगठा उठवणाऱ्या बायकांबाबत सुटला होता. धानोरा आणि कोरचीतल्या ग्रामसभांबाबत तो अजून बँकांच्या टेबलावर आहे.